नेमक्या मापाच्या खोळी

"पातं हातात असताना बोलायचं नाही. श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा. तोंडाची वाफ लोखंडाला लागली, की तिचा डाग नातवंडांना दिसतो."

शिगेहारुचं हे सांगणं फुसाएनं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ऐकलं, तेव्हा तिला हसू आवरेना. कारण सांगणारा माणूस गावातला सर्वांत बोलका. नदीवरच्या पुलाजवळ त्याचं सलून होतं. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस चढायचा आणि शिगेहारुच्या तोंडून गावभरच्या गोष्टी सुरू व्हायच्या, त्या थेट पावडर लावेपर्यंत. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हाच माणूस हाचिमानच्या देवळामागच्या दालनात तलवार हातात घेऊन असा गप्प बसे, की बघणाऱ्याला वाटावं, हा मुका जन्माला आलाय.

त्या दालनात तलवारी ओळखणाऱ्यांचं मंडळ जमे. मंडळाच्या संग्रहातल्या पाच तलवारी मांडायच्या. तलवारीचं बूड, म्हणजे मुठीच्या आत दडणारा भाग, कापडी खोळीत झाकलेलं असायचं, कारण लोहार आपलं नाव तिथंच कोरतो. बाकीचं पातं उघडं. त्याची कमान बघायची, लोखंडाचा पोत बघायचा, धारेवरची पांढरी लाट दिव्याकडे तिरकी धरून बघायची आणि चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून गुरुजींना द्यायचं. गुरुजी चिठ्ठी वाचून हळूच एक शब्द बोलत. "अचूक." नाहीतर "जवळजवळ." नाहीतर "वाट बरोबर." नाहीतर नुसतंच "नाही."

डिसेंबरातल्या बैठकीत जो पहिला येई, त्याच्या घराण्याचं नाव देवदाराच्या पाटीवर लिहून भिंतीवर लावत. शिगेहारु ओदाका त्या भिंतीसमोर एकेचाळीस वर्षं बसला. दुसरा आला, तिसरा आला, एकदा तर सातवा आला. 'ओदाका' ही पाटी भिंतीवर कधी लागली नाही. छपराच्या कौलांचा कारखाना असलेल्या काजितानीच्या मात्र सात पाट्या होत्या.

गेल्या वसंतात दवाखान्यात पडल्या पडल्या शिगेहारु म्हणाला होता, "भिंतीवर एकदा आपलं नाव लागायला हवं होतं गं."

"मी लावीन," फुसाए म्हणाली. आजारी माणसाचं मन राखायला म्हणून बोलली, पण शब्द बाहेर पडल्यावर तिला जाणवलं, की आपण हे मनापासून बोललो.

शिगेहारु खूप दिवसांनी हसला. "लाव. फक्त पातं हातात असताना बोलू नकोस."

तिला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. रात्रीची भांडी पुसताना तीस वर्षं त्यानं तिची परीक्षा घेतली होती. "लवंगेच्या कळ्यांसारखी लाट, वर धुक्यासारखी छाया. कुठली?" "आपल्याच बिझेन प्रांताची." "टोकाशी मेणबत्तीच्या वातीसारखी ज्योत. कुणाची?" "मोरिमित्सु, नाहीतर यासुमित्सु. ताट खाली ठेवा, फुटेल." तिनं अख्ख्या जन्मात मोजून चार तलवारी हातात घेतल्या असतील, पण ऐकलेल्या शेकडो होत्या.

शिवाय मंडळाच्या खोळी तिच्याच हातच्या होत्या. पूर्वी बुडाला कसलीही चिंधी बांधत आणि ती ऐन वेळी घसरे. तीस वर्षांपूर्वी शिगेहारुनं प्रत्येक बुडाची कडा कागदावर उतरवून आणली, खाली तलवारीचं नाव लिहिलं, आणि फुसाएनं एकेका बुडाला अंगाबरोबर बसेल अशी खोळ शिवली. आतून मऊ सुती, बाहेरून जांभळं रेशीम. खोळ चढवली, की हातमोज्यासारखी बसायची. त्सुबोइ गुरुजी तेव्हा म्हणाले होते, की क्योतोतसुद्धा अशा खोळी नसतील. ते वाक्य शिगेहारुनं सलूनमध्ये वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी फुसाएनं देव्हाऱ्यात रोजच्यासारखा भात आणि पाणी ठेवलं, शिगेहारुच्या फोटोसमोर उदबत्ती लावली, आणि त्याचा बैठकीला न्यायचा जुना निळा पंचा आठवण म्हणून किमोनोच्या बाहीत सरकवला. ह्या पंच्यावरून ती त्याला आयुष्यभर बोलली होती. दर बैठकीहून तो पंचा लवंगेच्या तेलाचे डाग घेऊन यायचा. "तलवारीला लावायचं तेल तुमच्या पंच्याला कशाला?" तर म्हणायचा, "हाताला घाम येतो गं."

दालनात बाराजण जमले होते. मधोमध शेगडी, वर टांगलेले उघडे दिवे. सभासदांनी तिला शिगेहारुच्या जागेवर बसू देण्याचं आधीच ठरवलं होतं.

"या वहिनी," काजितानी म्हणाला. "आज तलवारी बघायच्यात, का खोळींची शिवण उसवली ते?"

"दोन्ही," फुसाए म्हणाली. "तुम्ही हाताळलेली खोळ तेवढी उसवलेली असणार. तुम्ही ओढाताण फार करता."

"ऐकलंत का, आराकी-सान? ओदाका गेला, पण तोंड घरातच ठेवून गेला."

आराकी हे निवृत्त पोस्टमन. बारा वर्षं ते ह्या बैठकीला येत होते, आणि ते सुशीसाठी येतात असं सगळे म्हणत. तेही नाकारत नसत. "जेवण किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्सुबोइ गुरुजी ऐंशीचे. गावच्या शाळेत त्यांनी ह्यातल्या निम्म्या लोकांना गणित शिकवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, तलवारींना नमस्कार केला आणि दालन शांत झालं.

फुसाए पहिल्या तलवारीसमोर बसली. तिनं वाकून नमस्कार केला, उजव्या हातानं खोळीतलं बूड धरलं आणि पातं उभं उचललं. ते अजून दिव्याकडे वळवायचंही होतं, तोच तिच्या अंगठ्याला शिवण लागली. शिवण मधे फुगलेली होती, माशाच्या पोटासारखी. ही खोळ कापताना तिनं जांभळं कापड एकदा वाया घालवलं होतं. त्या कागदाखाली शिगेहारुच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मुरामासा'.

तिनं चिठ्ठीवर तेच लिहिलं. गुरुजींनी वाचलं, भुवया वर गेल्या. "अचूक."

दालनात कुजबुज झाली. पहिल्याच चिठ्ठीत अचूक म्हणजे लहान गोष्ट नव्हती.

दुसऱ्या तलवारीचं बूड आखूड आणि जाडसर होतं, एका हातानं चालवायच्या तलवारीचं. ह्या खोळीला तिला कापड कमी लागलं होतं आणि उरलेल्या तुकड्याचा तिनं नाण्यांचा बटवा शिवला होता. सुकेसादा.

"अचूक," गुरुजी म्हणाले.

"वहिनी, अहो जरा आमच्यासाठी ठेवा काहीतरी," काजितानी कुजबुजला.  फुसाएनं भिंतीकडे पाहिलं. काजितानीच्या शेवटच्या पाटीशेजारी एक रिकामी जागा होती, आणि तिथं तिला ती तीन अक्षरं स्पष्ट दिसली. ओदाका.

तिसऱ्या तलवारीची वाट बघताना शेजारी बसलेले आराकी तिच्याकडे झुकले. "वहिनी, त्या दुसरीच्या धारेवर लाट कशी दिसली तुम्हाला? मला नुसतं पांढरं पांढरं दिसलं."

फुसाएनं सांगायला तोंड उघडलं. लाट कशी होती? टोक कसं होतं? पोत? तिला काहीच आठवेना. तिनं दोन तलवारी उचलल्या होत्या, दोन्हींना नमस्कार केला होता, आणि बघितली एकही नव्हती.

"मी... नीट बघितलं नाही," ती म्हणाली.

"आणि तरी अचूक?" आराकींनी कौतुकानं मान हलवली. "याला म्हणतात नजर."

तिसरी तलवार समोर आली. तिनं खोळीला हात लावला मात्र, हातानं लगेच सांगायला सुरुवात केली. एका बाजूनं खोलगट, तितराच्या मांडीसारखं बूड. ही शिवण तिनं तीनदा उसवली होती. तिनं हात मागे घेतला. तळव्याला घाम फुटला होता. तो पुसायला म्हणून तिनं बाहीतला निळा पंचा काढला, हात पुसला, आणि मग काही न ठरवता पंच्याची घडी खोळीभोवती गुंडाळली आणि तलवार उचलली.

हात मुका झाला. शिवण नाही, फुगवटा नाही, खोलगट बाजू नाही. मुठीत नुसता कापडाचा गोळा होता आणि समोर उघडं पातं. बघायचं असेल तर आता डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

पंच्याला लवंगेच्या तेलाचा मंद वास येत होता.  पातं हातात होतं, म्हणून तिनं हुंदकासुद्धा मान वळवून सोडला.

घामबिम काही नव्हतं. बुडांच्या कडा कागदावर उतरवणारा शिगेहारुच होता. तिच्याइतकंच त्याच्या हातालाही सगळं कळत होतं. एका सलूनवाल्याची बोटं ती. डोळे मिटून माणसाच्या डोक्याचा आकार सांगणारी. म्हणून तो दर तलवारीला पंचा गुंडाळत होता. आणि खोळी सैल शिव म्हणून तिला कधी सांगितलं नाही, कारण तिच्या नेमक्या मापाचं कौतुक त्यानं गावभर केलं होतं. त्यापेक्षा दुसरा येणं त्याला बरं वाटलं. तिसरा. सातवा.

तिनं तलवार खाली ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि पंचा गुरुजींच्या बैठ्या मेजावर ठेवून त्यांच्यापुढे बसली.

"गुरुजी, माझ्या दोन्ही चिठ्ठ्या परत द्या."

"का, फुसाए-सान? दोन्ही अचूक आहेत."

"त्या मी लिहिल्या नाहीत. शिवणीनं लिहिल्या." तिचा आवाज इतका हळू होता, की पलीकडच्यांनी माना पुढे काढल्या. "प्रत्येक बुडाच्या मापाची खोळ मी शिवली. अंगठा लागला की मला नाव कळतं. मी पात्याकडे पाहिलंच नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांनी मेजावरचा पंचा उचलून पाहिला.

"ओदाका हा पंचा गुंडाळायचा," ते म्हणाले. "मी एकदा विचारलं, की कशाला? म्हणाला, घाम येतो. म्हटलं, अरे, जानेवारीत? तर म्हणे, गुरुजी, तुमच्यासमोर बसलो की गणिताचा तास आठवतो." ते हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. "मला आजवर ते खरं वाटत होतं."

सगळे हसले. एक जण सोडून. काजितानीची मान कौलांइतकी लाल झाली होती.

"काय हो काजितानी-सान," आराकींनी विचारलं, "शेगडी जास्त झाली का?"

काजितानीनं आपल्या सात पाट्यांकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे. "आईशप्पथ सांगतो, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "पण त्याच त्या तलवारी दर दोन-चार वर्षांनी फिरून येतात. हाताला सवय होते. मला वाटायचं, आपली नजर तयार झाली. आज वहिनी बोलल्या आणि..." त्यानं अंगठा हवेत चोळून दाखवला. "हा चोर निघाला. गुरुजी, माझ्या पाट्या उतरवा."

"उतरवल्या तर भिंतीला सात भोकं दिसतील," गुरुजी म्हणाले. "आणि ती बुजवायला तुझाच माणूस बोलवावा लागेल. राहू दे. बघ त्यांच्याकडे रोज. तेवढं पुरे."

"हा दंड जास्त आहे, गुरुजी."

"शाळेतही तू असंच म्हणायचास."

पण आता बैठकीचं काय करायचं? मांडलेल्या पाचही तलवारी फुसाएच्या खोळीतल्या होत्या. गुरुजी उठून आतल्या खोलीत गेले आणि एक लांबट गाठोडं घेऊन आले. नदीपलीकडच्या एका घरानं कोठाराची सफाई करताना सापडलेली तलवार रीतसर नोंदवून घेतली होती आणि तपासायला त्यांच्याकडे ठेवली होती. तिला तिची स्वतःची साधी पांढऱ्या लाकडाची मूठ होती.

"हिचं बूड परवा मी एकट्यानं उघडून पाहिलंय," ते म्हणाले. "कुणाचा अंगठा हिला ओळखत नाही. यंदाचा निकाल हिच्यावर. प्रत्येकाला एकच चिठ्ठी."

एकेक जण पुढे गेला. काजितानी इतका वेळ बसला, की आराकींनी घड्याळ दोनदा बघितलं. लाकडी मूठ गोल गुळगुळीत होती. त्याचा अंगठा तिच्यावर बिचारा इकडून तिकडे फिरत राहिला.

फुसाएची पाळी आली. मूठ काही बोलणार नव्हती, तरी तिनं पंचा गुंडाळला. हाताभर अंतरावर पातं उभं धरून तिनं आधी कमान पाहिली. मग दिव्याकडे तिरकं केलं, आणि धारेवरची लाट अंधारातून वर आल्यासारखी उमटली. तळाशी रुंद, वर गोल गोल फुगलेली, मधे एखादी टोकदार. तिच्यावर छायेचा एक सरळ पट्टा, थंडीच्या सकाळी नदीवर धुकं राहतं तसा. ती हळूहळू टोकापर्यंत गेली. तिथं लाट बारीक होऊन वर वळली होती, मेणबत्तीच्या वातीसारखी.

ताट खाली ठेवा, फुटेल. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि पुसलेल्या भांड्यांचा आवाज, आणि त्याचं खो-खो हसणं. किती वर्षं हे तिनं ऐकलं होतं. आज बघितलं.

दोघांपैकी एक. मोरिमित्सु की यासुमित्सु? मोरिमित्सु मोकळा, यासुमित्सु जरा दाट, शिगेहारु म्हणायचा. तिला लाट दाट वाटली. तिनं लिहिलं, 'यासुमित्सु'.

गुरुजींनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. काजितानीच्या चिठ्ठीवर ते थांबले. "नाही. दोनशे वर्षं चुकलास, आणि प्रांतही."

"पहिलंच प्रामाणिक उत्तर आहे, गुरुजी. सांभाळून घ्या."

"ओदाका फुसाए." गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. "जवळजवळ."

म्हणजे दुसरा क्रमांक; अचूक कुणीतरी निघणारच. फुसाएला आधी हसूच आलं. ओदाकांची जागा ती. तिनं मान लववली.

शेवटची चिठ्ठी आराकींची. ती गुरुजींनी वाचली, उलटून पाहिली, परत वाचली. "मोरिमित्सु," ते सावकाश म्हणाले. "अचूक."

 दालनात एकदम हशा उसळला, कारण सगळ्यांना माहीत होतं: बारा वर्षं आराकी प्रत्येक तलवारीला मोरिमित्सुच लिहीत आले होते.

"मला दुसरं नाव पाठच होत नाही," आराकी म्हणाले. "पण ऐका. बारा वर्षं मी म्हणायचो, हा मोरिमित्सु असावा. आज म्हटलं, हा आहे. खरंच वेगळं वाटलं."

"कसं वेगळं?"

"आज लाट दिसली. वहिनींना विचारल्यापासून मी तीच शोधत होतो."

मग जेवणाचे डबे उघडले. छोट्या मासळीची आंबट सुशी, लोणच्याचा मुळा, गरम चहा, संत्री. आराकींना सर्वांत मोठा डबा दिला गेला. काजितानी आपला डबा घेऊन फुसाएजवळ येऊन बसला. 

"वहिनी, ओदाकाला माझ्याबद्दल माहीत होतं का हो? अंगठ्याचं?"

फुसाएनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं तिला ठाऊक नव्हतं. "घरी तुमच्याबद्दल एकच म्हणायचे," ती म्हणाली. "काजितानीचे केस कापताना डोकं धरून ठेवावं लागतं, फार हलतो."

काजितानी हसला आणि त्यानं डोळे पुसले. मोहरीसारखा जो तिखट हिरवा गोळा सुशीबरोबर असतो, तो जास्त झाला असं म्हणाला.

"नव्या खोळी कराल?" त्यानं विचारलं. "सगळ्या एका मापाच्या? रेशमाचं मी बघतो."

"रेशीम नको. कापड आहे माझ्याकडे. जानेवारीच्या बैठकीला घेऊन येते. वीस."

"आणि पुढच्या डिसेंबरात बसणार ना?"

तिनं भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथं आता काही दिवसांत 'आराकी' लागणार होतं. त्याच्यापुढे आणखी एक जागा होती.

"बसणार," ती म्हणाली. "कबूल केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देव्हाऱ्यात भात आणि पाणी ठेवलं. कडांचे जुने कागद कपाटातून काढले, त्यांच्याकडे न बघता चार घड्या घातल्या, दोरीनं बांधले आणि फोटोमागे ठेवून दिले. फोटोतला शिगेहारु काहीतरी बोलायच्या बेतात होता. ज्यानं फोटो काढला, त्याला तो गप्प सापडलाच नव्हता.

मग ती सलूनमध्ये गेली. दार वसंतापासून बंद होतं. आरशाखालच्या कप्प्यात गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायच्या पांढऱ्या चादरी धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या होत्या. तिनं एक खुर्चीवर पसरली. निळा पंचा मुठीइतका गुंडाळून तिच्यावर ठेवला, भोवती खडूनं रुंद, सैल, कुठल्याच बुडाला नेमकं न बसणारं माप आखलं, आणि कात्री उचलली.